हंगामापूर्वीचा शेरा

स्मरणिकेत कोणते लेख असावेत, याचा एक संकेत ठरून गेलेला आहे. संस्थेची वाटचाल, संस्थापकांच्या आठवणी, वसतिगृहातील शिस्त, पहाटेची वंदना आणि परीक्षांतील यश यांविषयी लिहिणारे अधिकारी लेखक याही अंकात आहेत. आम्ही मात्र संपादक मंडळाच्या परवानगीने एका वरवर हलक्या वाटणाऱ्या विषयावर लिहीत आहोत. या वसतिगृहात वेगवेगळ्या वर्षी राहून गेलेले आम्ही बारा माजी विद्यार्थी गेली काही वर्षे फुटबॉलची एक ‘फँटसी लीग’ खेळतो. दर ऑगस्टमध्ये हंगाम सुरू होण्यापूर्वी त्या बारा संघांचा परिचय लिहून मंडळींना पाठवण्याचे काम आमच्याकडे आहे. २०१६ साली सुरू झालेल्या या लीगचा २०२५-२६ हा दहावा हंगाम होय.

पन्नाशी ओलांडलेल्या, लेकीसुनांच्या आणि नातवंडांच्या माणसांनी मोबाइलवर संघ कसले मांडायचे, असा प्रश्न काही पालकांच्या मनात येईल. ‘फँटसी’ हा शब्द ऐकताच काहींच्या कपाळावर आठीही पडेल. त्या आठीला सबळ कारण आहे आणि त्याविषयी आम्ही पुढे लिहिणारच आहोत. त्याआधी हा खेळ काय आहे, ते सांगणे भाग आहे.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ असतात आणि ऑगस्ट ते मे या काळात प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो. या खऱ्या सामन्यांच्या आधारावर आपला काल्पनिक संघ चालतो. आरंभी प्रत्येकाला कागदोपत्री १० कोटी पौंड मिळतात. तेवढ्यात १५ खेळाडू घ्यायचे: २ गोलरक्षक, ५ बचावपटू, ५ मध्यरक्षक आणि ३ आघाडीपटू. एका क्लबचे तीनपेक्षा अधिक खेळाडू घेता येत नाहीत. दर आठवड्याला त्यांतले ११ मैदानात उतरवायचे आणि एकाला कर्णधार नेमायचे, त्याचे गुण दुप्पट धरले जातात. आघाडीपटूच्या गोलला ४, मध्यरक्षकाच्या गोलला ५ आणि बचावपटूच्या गोलला ६ गुण मिळतात. गोलसाठी शेवटचा पास देणाऱ्यास ३ गुण असतात. संघाने एकही गोल होऊ दिला नाही, तर बचावपटूंना आणि गोलरक्षकाला ४ गुण मिळतात. पिवळ्या कार्डाला १ आणि लाल कार्डाला ३ गुण कापले जातात. आठवड्याला एक बदल विनामूल्य असून त्याहून अधिक बदल केल्यास प्रत्येकी ४ गुणांचा भुर्दंड पडतो. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी असल्याने या खेळाचे मूळ शोधल्यावाचून आम्हांला राहवले नाही. मूळ अमेरिकेत सापडते आणि तेही मित्रांच्या बैठकीत. तेथील फुटबॉल निराळा. तो हातात चेंडू घेऊन खेळला जातो. ओकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाक यांनी १९६२ साली, संघाच्या दौऱ्यावर असताना, संघाच्या प्रसिद्धी विभागातील एक सहकारी आणि ओकलंडच्या दैनिकाचा एक वार्ताहर यांच्यासोबत न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात या खेळाचे नियम मांडले. १९६३ च्या ऑगस्टमध्ये विंकेनबाक यांच्या घरी आठ संघांच्या लीगची पहिली निवड झाली. गुणांची बेरीज अर्थातच हाताने, वर्तमानपत्रातील आकडे पाहून होत असे. इंग्लंडमध्ये अँड्र्यू वेनस्टाइन यांनी १९९१ साली हाच प्रकार तेथील फुटबॉलसाठी सुरू केला. आम्ही खेळतो तो प्रीमियर लीगचा अधिकृत खेळ २००२ पासूनचा आहे. आज जगभरात एक कोटीहून अधिक लोक तो खेळतात. परंतु त्याचा खरा रस अजूनही त्या ओकलंडच्या बैठकीत होता तोच आहे. परक्या कोट्यवधींमध्ये आपला क्रमांक कितवा, याचे कुणाला फारसे काही वाटत नाही. आपल्या ओळखीच्या बारा जणांत आपण कितवे, याने मात्र झोप उडते.

आमची लीग सुरू होण्यास लेस्टर सिटी हा संघ कारणीभूत झाला. कामठीच्या मैदानांवर फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो आणि तिकडून आलेल्या मुलांमुळे आमच्या वसतिगृहालाही त्याचा नाद लागला होता. पुढे नोकऱ्या, संसार आणि बदल्या यांत खेळणे सुटले, पाहणे तेवढे राहिले. २ मे २०१६ रोजी लेस्टरने इंग्लंडचे विजेतेपद निश्चित केले, तेव्हा वेगवेगळ्या गावी पांगलेल्या आम्ही मंडळींनी एकमेकांना फोन केले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लीग सुरू झाली.

लेस्टरची ती हकिकत थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण संघपरिचय कसा लिहावा हे आम्ही तिच्यातूनच शिकलो. आदल्या हंगामात हा संघ १४ वा आला होता. नाताळच्या सुमारास तो तक्त्याच्या तळाशी होता. नव्या हंगामापूर्वी त्याच्या विजेतेपदावर पाच हजारास एक असा भाव लावला गेला होता. त्या संघाचा रियाद माहरेज आमच्या खेळात ५५ लाख पौंडांना आणि जेमी वार्डी ६० लाखांना उपलब्ध होता. माहरेज फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतील क्लबमधून आलेला. वार्डीला सोळाव्या वर्षी शेफिल्डच्या क्लबने काढून टाकले होते. तो पुढे आठवड्याला ३० पौंडांवर एका लहान क्लबकडून खेळे आणि पोटासाठी वैद्यकीय आधारपट्ट्यांच्या कारखान्यात काम करी. त्या हंगामात वार्डीने सलग ११ सामन्यांत गोल केले, एकूण २४. माहरेजने १७ गोल केले आणि आमच्या खेळात २४० गुण मिळवून तो सर्व खेळाडूंत पहिला आला.

हे कुणालाच कळले नव्हते, असे लोक म्हणतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या वाक्यापाशी थांबायला हवे. आदल्या हंगामातील शेवटच्या नऊ सामन्यांपैकी सात सामने लेस्टरने जिंकले होते. ही नोंद सर्वांसमोर उघडी होती. विजेतेपदाचे भाकीत त्यातून निघत नव्हते हे खरे. परंतु हा संघ तळाचा राहिलेला नाही, एवढे त्यातून निश्चित निघत होते. लोक तक्ता पाहत राहिले. शेवटचे नऊ सामने पाहणारे थोडे होते.

या खेळातील किंमत हंगामापूर्वी ठरते आणि ती मुख्यतः मागील नावलौकिकावर व क्लबच्या वजनावर ठरते. खेळाडूचे मोल मात्र मैदानात ठरते. ज्याला या दोहोंतील अंतर आधी दिसते, त्याला गुण मिळतात. आपण कोणत्या घरात जन्मलो यावरून आपली किंमत आधीच लावून ठेवणाऱ्या समाजात वाढलेल्या माणसांना हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. आमच्या मंडळींना या खेळाची गोडी का लागली, याचे उत्तर बहुधा येथेच असावे.

पहिल्याच वर्षी एका मित्राने सुचवले की, सर्वांच्या संघांवर कुणीतरी चार-चार ओळी लिहाव्यात. मास्तर म्हणून ते काम आमच्या गळ्यात आले. प्रगतीपुस्तकावर शेरे लिहिण्यात आमचा जन्म गेला, हे सर्वांना ठाऊक होते. तेव्हाच आम्ही तीन नियम घालून घेतले. पहिला, परिचय यंदाच्या संघाचा लिहायचा. माणूस मागच्या वर्षी कितवा आला आणि वसतिगृहात त्याला कोणत्या नावाने हाक मारत, हे लिहायचे नाही. दुसरा, प्रत्येक विधानाला आधार द्यायचा: सामने, गोल, दुखापत, वेळापत्रक. ‘याला काही कळत नाही’ हा आधार नव्हे. तिसरा, स्वतःच्या संघाचा परिचय स्वतः लिहायचा नाही.

पहिल्या नियमाचे महत्त्व वसतिगृहात राहिलेल्यांना अधिक कळेल. बाराव्या-तेराव्या वर्षी मिळालेली नावे आम्हांला पुढे कितीतरी वर्षे चिकटून राहतात. कुणी ‘ढ’, कुणी ‘रडका’, कुणी ‘मॉनिटर’. जो तेव्हा गणितात नापास झाला, तो आज जिल्ह्याच्या बँकेचे लाखोंचे हिशेब सांभाळून निवृत्तीला आला, तरी मेळाव्यात भेटला की जुने नाव आधी निघते. त्यात प्रेम असते हे आम्ही नाकारत नाही. परंतु त्या नावाखाली आजचा माणूस झाकला जातो. संघपरिचय लिहिताना आम्हांला दर वर्षी एकेका मित्राकडे नव्याने पाहावे लागते. यंदा याने काय निवडले, का निवडले आणि काय टाळले, याचा विचार करावा लागतो. चाळीस वर्षांच्या ओळखीनंतर इतके लक्षपूर्वक एकमेकांकडे पाहण्याची सवड दुसऱ्या कोणत्या निमित्ताने मिळाली असती, हे आम्हांला सांगता येत नाही.

यंदाच्या परिचयांतले काही उतारे येथे देतो. नावे गाळली आहेत.

बँकेतील मित्राविषयी आम्ही लिहिले: “मोहम्मद सलाहवर १ कोटी ४५ लाख खर्च केले आहेत. मागील हंगामात सलाहने २९ गोल केले आणि ३४४ गुण मिळवले, तेव्हा ठेव सुरक्षित दिसते. परंतु १ कोटी ४० लाखांचा हालांड त्यामुळे परवडलेला नाही. हालांडने सुरुवातीलाच गोलांचा धडाका लावला, तर हा संघ पहिल्या महिन्यातच मागे पडेल. विनामूल्य बदल साठवून ठेवण्याची यांची सवय नव्या नियमांत उपयोगी आहे, कारण आता पाचपर्यंत बदल साठवता येतात.”

यवतमाळकडील शेतकरी मित्राविषयी: “आघाडीवर खर्च कमी, बचावावर अधिक. व्हॅन डाइक आणि गॅब्रिएल हे दोघे प्रत्येकी ६० लाखांना घेतले आहेत. यंदापासून चेंडू अडवणे, हिसकावणे, परतवणे अशा कामांची संख्या एका सामन्यात १० झाली की बचावपटूला २ गुण मिळणार आहेत. एव्हर्टनच्या टारकोव्स्कीला घेण्यामागे तोच विचार दिसतो. कुंपण नीट असेल तर पीक हाती लागते, हे या संघाचे सूत्र आहे. मात्र कर्णधार कुणाला करावे, असा खेळाडूच संघात नाही.”

रेल्वेतील मित्राविषयी: “संघ उत्तम आहे. आम्ही हे लिहीत असताना तो तिसऱ्यांदा बदलला गेला आहे. हंगाम सुरू झाल्यावर प्रत्येक जादा बदलास ४ गुण द्यावे लागतील, याची नम्र आठवण.”

परिचारिका म्हणून शासकीय सेवेत असलेल्या ताईंविषयी: “या संघात एकही दुखापतग्रस्त खेळाडू नाही, आणि यात कुणाला आश्चर्य वाटू नये. मांडीच्या मागचा स्नायू किती आठवड्यांत भरून येतो, हे ताईंना क्लबच्या पत्रकापेक्षा अधिक कळते. बोर्नमथचा आंत्वान सेमेन्यो ७० लाखांना घेतला आहे. गेल्या हंगामात ११ गोल, आणि हंगामभर क्वचितच संघाबाहेर. लहान क्लबचा म्हणून बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहिलेले नाही. पहिला सामना लिव्हरपूलच्या मैदानावर असल्याने पहिल्या आठवड्यात फार अपेक्षा ठेवू नये.”

आमच्या स्वतःच्या संघाचा परिचय मंडळीतील सर्वांत धाकटा सदस्य लिहितो. तो कधीकाळी आमच्या वर्गात बसे. आज पुण्यात अभियंता आहे. त्याने यंदा लिहिले: “सरांचा संघ म्हणजे गेल्या पाच वर्षांचा संदर्भग्रंथ आहे. प्रत्येक खेळाडूचा भूतकाळ उज्ज्वल आहे. भविष्याविषयी सर कधीच बोलत नाहीत, तो त्यांचा विषय नव्हे.” शिक्षकाला विद्यार्थ्याकडून शेरा मिळण्याचा योग सहसा येत नाही. आम्ही तो शेरा कापून टेबलावरील काचेखाली ठेवला आहे.

यंदाचा हंगाम १५ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाला. पहिला सामना लिव्हरपूल विरुद्ध बोर्नमथ. संघ निश्चित करण्याची मुदत पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटे आधी संपते, म्हणजे आपल्याकडे त्या रात्री ११ वाजता. शाळेचे ध्वजवंदन, मुलांची भाषणे आणि मिठाईवाटप आटोपून मंडळी रात्री आपापल्या घरी मोबाइल घेऊन बसली होती. सामना साडेबाराला सुरू झाला. पूर्वार्धातच तो थांबला. प्रेक्षकांतून आपल्याला वर्णद्वेषी शिवीगाळ झाल्याचे सेमेन्योने पंचांना सांगितले होते.

त्या काही मिनिटांत आमच्या गटावर एकही संदेश आला नाही. तेथे बसलेल्यांपैकी प्रत्येकाने आयुष्यात केव्हा ना केव्हा, शाळेच्या वाटेवर, पाणवठ्यावर किंवा कार्यालयात, त्या जातीचा शब्द ऐकलेला आहे. तो ऐकल्यानंतर हातातले काम पुढे चालू ठेवणे म्हणजे काय, हे कुणाला सांगावे लागत नव्हते. शेवटी ताईंचा संदेश आला: “तो खेळतोय ना अजून?” तो खेळत होता. उत्तरार्धात त्याने दोन गोल केले आणि २-० ने मागे असलेल्या आपल्या संघाला बरोबरीत आणले. लिव्हरपूलने तो सामना अखेर ४-२ असा जिंकला, चौथा गोल सलाहचा होता. बँकेतील मित्राला आणि ताईंना दोघांनाही गुण मिळाले. गुणांविषयी त्या रात्री कुणी बोलले नाही.

आमच्या परिचयात त्या खेळाडूची किंमत होती, गोल होते, तब्येत होती, वेळापत्रकही होते. त्याला मैदानात काय सोसावे लागेल, यासाठी रकाना नव्हता. कोणत्याही परिचयात तो असत नाही. वर्गातील मुलाविषयी शेरा लिहितानाही आमच्यासमोर हजेरी असते, गुण असतात, वर्तनाची श्रेणी असते. तो घरून काय सोसून आला, यासाठी रकाना तेथेही नसतो. तेवढे भान ठेवून लिहावे, इतकेच लिहिणाऱ्याच्या हाती असते.

त्या रात्री आमच्या तक्त्यावर बाराऐवजी अकराच संघ होते. याविषयी लिहिण्यापूर्वी आम्ही संबंधित मित्राची परवानगी घेतली आहे. त्यांचे नाव, गाव आणि व्यवसाय सांगणार नाही. वर दिलेल्या उताऱ्यांत ते नाहीत. वाचकांनी तर्क करू नये, ही विनंती.

१४ ऑगस्टपर्यंत या मित्राने संघ नोंदवला नव्हता. फोन केला तेव्हा बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून ते म्हणाले, “सर, यंदा मला सोडा.” त्यांच्या मुलाने मोबाइलवरील पैशांच्या खेळात, असेच संघ लावून, आधी आपली बचत आणि मग उसनवारीचे पैसे घालवले होते. सुरुवात ४९ रुपयांपासून झाली होती. काही वेळा जिंकलाही होता, आणि ती जिंकण्याची आठवणच त्याला पुढे घेऊन गेली. घरात कळले तेव्हा मोटारसायकल विकून झालेली होती. मित्र म्हणाले, “आपल्या लीगमध्ये पैसे नाहीत हे मला माहीत आहे, सर. पण मी मोबाइल उघडून संघ लावायला लागलो की मुलाची आई माझ्याकडे बघते. तिला मी काय समजावू?”

यावर आम्ही त्यांना आग्रह केला नाही.

पुढच्याच आठवड्यात संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा केला. २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत तो संमत झाला आणि २२ ला राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने बंदी आणली. पैशांविना खेळल्या जाणाऱ्या खेळांना ही बंदी लागू नाही. कायदा झाला हे योग्यच झाले. परंतु ज्या घरातून पैसा आणि विश्वास दोन्ही गेले, त्या घरात तो परत आणून देण्याचे काम कायदा करीत नाही. ते घरातल्या माणसांनाच करावे लागते आणि त्यास वेळ लागतो.

आमच्या लीगमध्येही पूर्वी एकदा पैशांचा विषय निघाला होता. प्रत्येकी हजार रुपये काढावेत, विजेत्याला द्यावेत, म्हणजे रंगत येईल, असे कुणी सुचवले. तेव्हा वकील मित्राने विचारले की, शेवटच्या क्रमांकाचा परिचय पुढच्या वर्षी लिहिताना मास्तरांचा हात मोकळा राहील काय? प्रश्न मार्मिक होता. पैसा आला की परिचय हा परिचय राहत नाही, ती शिफारस होते. मग चुकलेल्या अंदाजावर हसता येत नाही आणि मित्राच्या दोषावर बोट ठेवता येत नाही, कारण त्याच्या खिशाला झळ बसलेली असते. ठरले ते असे: शेवटी येणाऱ्याने शाळेच्या ग्रंथालयाला एक पुस्तक द्यायचे आणि ते कोणते, हे विजेत्याने सांगायचे. आजवर अशी नऊ पुस्तके ग्रंथालयात जमा झाली आहेत. त्यांतली तीन रेल्वेतील मित्राची आहेत, आणि यंदा चौथेही त्यांचेच येईल, असा मंडळीचा दृढ विश्वास आहे. यास आधार विचारला असता, त्यांच्या बदलांची यादी दाखवली जाते.

पालकांना येथे एक गोष्ट सांगाविशी वाटते. मुलाच्या मोबाइलवर संघ दिसला तर आधी तो कोणाबरोबर खेळतो आणि त्यात काय लावतो, हे विचारावे. संघ लावणे, आकडे वाचणे, मित्राशी वाद घालणे यांत वाईट काही नाही. आमच्या शेतकरी मित्राचा मुलगा सरासरी आणि टक्केवारी याच तक्त्यावरून शिकला. परंतु ज्या खेळात समोर मित्राचा चेहरा नाही, केवळ रक्कम आहे, आणि हरल्यावर कुणी चेष्टा करायलाही नाही, तेथून मुलाला प्रेमाने बाजूला घ्यावे. ओरडून घेतले तर तो बाजूला होत नाही, लपतो. हे आम्ही आमच्या मित्राच्याच अनुभवावरून लिहीत आहोत. मुलगा अखेर बोलला तो वडिलांनी हिशेब मागणे थांबवून रोज संध्याकाळी त्याच्यासोबत चालायला जाणे सुरू केल्यावर.

बाराव्या संघाचे काय करावे, असा प्रश्न मंडळीत निघाला. नवा सदस्य घ्यावा, असे एक मत होते. ते कुणी उचलून धरले नाही. आम्ही परिचयपत्रिकेत बाराव्या क्रमांकाखाली एवढेच लिहिले: “यंदा संघ नाही. जागा राखून ठेवली आहे.” पत्रिका त्यांनाही पाठवली. तेव्हापासून दर सोमवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो. मोबाइल न उघडता ते तक्ता विचारून घेतात, पहिला कोण, शेवटचा कोण, रेल्वेवाल्यांनी आठवड्यात किती बदल केले. मग मुलाविषयी बोलतात. तो आता एका दुकानात कामाला लागला आहे आणि दर महिन्याच्या पगारातून थोडी उसनवारी फेडतो. मित्र हे सांगतात तेव्हा आवाजात बढाई नसते, तक्रारही नसते. गेल्या काही आठवड्यांचे निकाल सांगावेत, तसे सांगतात.

आणि खरोखर, तेच पाहायचे असते. त्या मुलाविषयी नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी एक शेरा लिहून टाकलेला आहे. तो पुसला जायला वर्षे लागतील. शिक्षक म्हणून तीस वर्षे शेरे लिहिल्यानंतर आमचे मत असे झाले आहे की, ‘लक्ष नाही’, ‘प्रगती असमाधानकारक’, ‘वर्तन सुधारावे’ हे शब्द तक्ता पाहून लिहिता येतात आणि म्हणूनच ते लिहिण्याची घाई करू नये. आधी शेवटचे नऊ सामने पाहावेत. वर्षभर तळाशी असलेले मूल गेल्या दोन महिन्यांत वेळेवर येऊ लागले असेल, वही पूर्ण करू लागले असेल, एखादा प्रश्न विचारू लागले असेल. त्यावरून ते पहिले येईल असे भाकीत करू नये. पण ते आता तळाचे राहिलेले नाही, एवढे लिहायला काहीच हरकत नाही.

पुढील ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू होईल, किमती नव्याने लागतील आणि सर्वांना पुन्हा सारखेच १० कोटी मिळतील. आमचे अकरा मित्र जुलैपासूनच एकमेकांना डिवचू लागतील. बाराव्या जागेविषयी आम्ही कुणाला विचारणार नाही. सोमवारच्या फोनवर विषय निघाला तर त्यांच्या संघाचा परिचय लिहू. नाही निघाला, तर यंदाचेच वाक्य पुन्हा लिहू आणि तक्ता सांगत राहू.